न गेलेला मुराळी

सुमीच्या लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला मी तिला माहेरी न्यायला गेलो नाही. आणि गावी जाऊन सांगितलं, की तिच्या सासूने तिला पाठवलं नाही. पहिली गोष्ट हलगर्जीपणाची होती, दुसरी नीचपणाची. सुमी माझी धाकटी बहीण. तिची सासू म्हणजे कमळामावशी. त्या बाईने माझं कधी काही बिघडवलं नव्हतं. तिच्या नावावर मी जे टाकलं ते ती आयुष्यभर वाहत राहिली, आणि मी ते बघत राहिलो.

मागच्या महिन्यात सुरतेत उधना रस्त्याने जाताना सिग्नलला थांबलो, तर समोर फरशांचं मोठं चकचकीत दुकान दिसलं. काचेमागे पांढऱ्या फरशा उभ्या करून ठेवलेल्या. मला वाटलं, ही जागा ओळखीची आहे. मग शेजारचा जुना वड दिसला आणि ओळख पटली. इथेच ठाकोरभाईचं गॅरेज होतं.

त्या काळात ही सगळी ओळच गॅरेजांची होती. कुणी फक्त इंजिनाचा बोअर करायचा, कुणी फक्त हेड घासून द्यायचा, कुणी पत्र्याचं काम. सकाळी शटर वर गेली की रॉकेलचा वास सुटायचा. त्यात सुटे भाग बुडवून ठेवलेले असत. दुपार चढली की जळक्या ऑइलचा वास त्यावर चढे, आणि वारा पांडेसराकडून आला की डाइंगच्या वाफेचा, ओल्या कपड्यासारखा आंबूस वास. हात पुसायला तिथे साधं फडकं नसायचंच. साडीच्या कातरणाची गाठोडी येत. गुलाबी, मोरपंखी, शेंदरी, मधेच एखादा जरीचा तुकडा. ते नायलॉन ऑइल शोषायचं नाही, नुसतं पसरवायचं. तरी सगळे मिस्त्री त्यालाच हात पुसत. त्यामुळे सुरतेच्या गॅरेजात काळ्या जमिनीवर नेहमी लग्नघरासारखे रंग पडलेले असत.

माझी गाडी म्हणजे एक म्हातारी ॲम्बॅसॅडर. बा पांडेसराच्या मिलमधून निवृत्त होऊन गावी गेला, तेव्हा जाताना ती माझ्या हाती देऊन गेला. मी नवागामला खोली घेऊन एकटा राहायचो आणि आमच्या खानदेशी माणसांना गावी पोचवायचो. लग्न, बारसं, दहावा, जत्रा. पुढे तिघं, मागे पाच, टपावर गाठोडी. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर इथपर्यंत गाडी गाणं म्हणत जायची. पुढे कोंडाईबारीचा घाट आला की तिचा जीव घशाशी यायचा. पाण्याला उकळी फुटे, बॉनेटमधून वाफ निघे, आणि मला मागे वळून म्हणावं लागे, "मामा, जरा उतरता का?"

लोक उतरत. बायका पदर खोचून चढ चालत. मागून येणारे जीपवाले हात बाहेर काढून ओरडत, "काय रे, बैल कुठे सोडले?" मी हसायचो. पण कान तापायचे.

बहुतेक त्या तापलेल्या कानांमुळेच मी दुकानांच्या पायऱ्या चढायला लागलो. पहिल्या दुकानात सांगितलं, मोठा कार्बोरेटर बसव, गाडी उडेल. दुसऱ्यात सांगितलं, कार्बोरेटरने काय होतंय, हेड घासून घे. दोघंही एकमेकांचं नाव निघालं की थुंकत. माझी गाडी न उघडताच दोघांना तिचा रोग कळला होता. तिसरा ठाकोरभाई. पोट पुढे, बनियनवर ऑइलचा नकाशा, बोलताना दर वाक्यात एक सुरती शिवी, आणि ती शिवी इतकी प्रेमाने की कुणाला लागत नसे. त्याने बॉनेट उघडलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "भाई, आ गाडी छे के बळदगाडुं?"

पुन्हा बैलच. दुकानातली सगळी पोरं हसली.

"तेरे को घाट चढना है, के छोकरी को आवाज सुनाना है? पहेला ये बोल."

"घाट चढायचाय," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं. त्याच्या दारात हिऱ्याच्या आणि कापडाच्या शेठांच्या पोरांच्या गाड्या उभ्या असत. खाली दाबलेल्या, रुंद टायरच्या. सुरू केल्या की समोरच्या चहावाल्याचे ग्लास थरथरत. ती पोरं माझ्याशी बोलायची, माझ्याकडून काडेपेटी मागायची. मला फार बरं वाटायचं. मिलमजुराचा पोरगा मी. त्या आवाजाच्या जवळ उभं राहिलं की अंगातून काहीतरी चढत जायचं.

ठाकोरभाईने बोअर आणि नवे पिस्टन सांगितले, रेडिएटर साफ करायला सांगितला. घाटासाठी तेवढं पुरे होतं. बाकीचं मीच वाढवत गेलो. रोज सकाळी जायचो, पालथ्या खोक्यावर बसायचो, अर्धा चहा प्यायचो आणि काहीतरी नवं सुचवायचो. हेडपण घासा. कार्बोरेटरपण मोठा बसवा. सायलेन्सरची नळी त्या लाल गाडीसारखी करा. ठाकोरभाई आधी शिवी द्यायचा, मग म्हणायचा, "तारी गाडी, तारी मरजी. काले आवजे." उद्या ये. त्याचा उद्या कधीच उद्या नसायचा. पण खरं सांगायचं तर मलाही तो उद्या हवा असायचा. माझी गाडी तिथे उघडी पडली होती, इंजिन टेबलावर, भाग रॉकेलमध्ये. आणि मी त्या गाडीवाल्यांतला एक होतो.

आणि आखाजी जवळ येत होती.

आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. चैत्राचं ऊन संपून वैशाख लागतो, नव्या आंब्याचा पहिला रस ताटात पडतो, पितरांच्या नावाने घागर भरतात. लग्न झालेली प्रत्येक लेक त्या दिवशी माहेरी झोक्यावर हवी. पण ती आपली आपण येत नाही. माहेरून कुणीतरी न्यायला जावं लागतं. तो मुराळी. बहुतेक भाऊच असतो. मुराळी आला नाही तर पोरीने पाऊल उचलायचं नाही, आणि सासरच्यांनीही तिला स्वतः नेऊन घालायचं नाही. त्यात दोन्ही घरांचा मान असतो. मुराळी जाऊन रिकाम्या हाताने परत आला, तर मात्र तो पोरीच्या बापाचा अपमान.

इच्छापोरला, हजिरा रस्त्याच्या कारखान्यांमागे, सुमीचं सासर होतं. दिवस ठरवायला गेलो तेव्हा कमळामावशी दारात कुरडया वाळत घालत होती. आम्ही अहिराणीत बोलायचो. इथे सरळ मराठीत लिहितो.

"गाडीचं एवढं काय घेऊन बसलास?" मावशी म्हणाली. "एसटीने ने. आम्ही काय नावं ठेवणार आहोत?"

"माझी बहीण एसटीत धक्के खात जाईल? मावशी, गाडी अशी तयार होतेय ना, घाट एका दमात."

सुमी आतून हसली. "दादा, लग्नाआधी त्याच घाटात मी ढकललीय तुझी गाडी."

"ते विसर आता."

"मग मी पण येते रे भाऊ ढकलायला," मावशी म्हणाली, "तेवढंच विहीणबाईंच्या हातचं पुरण खायला मिळेल." आणि ती इतकी हसली की हातातली कुरडई मोडली.

माझ्या आयुष्यात मी त्या बाईला इतकं मोकळं हसताना नंतर पाहिलं नाही. किंवा असं असेल, की नंतर मीच तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी गाडी मिळाली. ठाकोरभाईने चावी हातात दिली, पण सोडली नाही. "जो, नवी वहू छे. पेला दिवसोमां दोडावतो नहीं. दोडावीश तो रिसाई जशे." नव्या नवरीसारखी आहे, पळवशील तर रुसेल. मी सांगितलं, बहिणीला घेऊन गावी जायचंय. तो विचारात पडला. "तो धीरे ले जा. खाली ले जा, दूसरी सवारी मत लेना. बीच बीच में खडी रख, ठंडी होने दे. और ये सब नहीं होता तो भाई, बस में जा. बस में क्या शरम?"

सुमीला दुपारी न्यायचं होतं. माझ्या हातात सकाळ होती.

लाल गाडीवाला दारातच उभा होता. "चल, डुमसच्या किनाऱ्यापर्यंत बघू तुझी," म्हणाला.

तो रस्ता मला अजून अंगावर आठवतो. दोन्ही बाजूंची झाडं, समोरून येणारा खारट वारा, आणि पायाखालून येणारा तो नवा जाड आवाज. माझ्या म्हातारीचा आवाज. मागच्या सीटवर दोन पोरं शिट्ट्या मारत होती. लाल गाडी थोडी मागे पडली आणि मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण तसं मी पुन्हा कधी ओरडलो नाही. मग बॉनेटखालून जळका वास आला, एक खरखर झाली, आणि इंजिन आतल्या आत गच्च धरून बसलं. गाडी रस्त्याच्या कडेला घसरत थांबली. अचानक इतकी शांतता झाली की झाडावरचे पक्षी ऐकू यायला लागले. पोरं लाल गाडीत बसून निघून गेली. "पाठवतो कुणाला तरी," म्हणाली. कुणी आलं नाही.

ओढून आणली तेव्हा ठाकोरभाईने एकही शिवी दिली नाही. तेवढ्यावरूनच मला कळलं. मी मात्र नंतर स्टँडवर सगळ्यांना सांगत सुटलो, की त्याने जुने पिस्टन घातले. दोन-तीन जणांनी त्याच्याकडे जाणं सोडलंसुद्धा. आता त्याची माफी मागायला तो उरला नाही आणि दुकानही नाही.

तेव्हाही दुपार व्हायची होती. इच्छापोरला जाऊन म्हणता आलं असतं, मावशी, गाडी बिघडली, एसटीने नेतो. त्या दोघी खूप हसल्या असत्या, सुमी माझी पाठ धोपटत एसटीत चढली असती, आणि मी हे काही लिहीत बसलो नसतो. पण मला ते हसणं नको होतं. एवढंच. याला दुसरं कारण मी खूप शोधलं, सापडलं नाही.

इच्छापोरजवळच्या एका ओळखीच्या माणसाकडून निरोप पाठवला: गावी भाऊबंदात कुणी वारलं, सुतक आहे, यंदा आखाजी नाही. आणि मी एकटा संध्याकाळच्या एसटीत बसलो.

गावी पोचलो तेव्हा आखाजीची सकाळ होती. बाने निंबाला झोक्याचा नवा दोर बांधला होता. माय ओट्यावर पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभी, लेकीवरून ओवाळून टाकायला. घरभर पुरणाचा आणि मांडे भाजायच्या खापराचा वास. तिने माझ्या मागे पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं.

"सुमी कोठे शे?"

मी तोंड उघडलं तेव्हा काय सांगायचं ते माझं ठरलं नव्हतं. शपथ घेऊन सांगतो. पण ते तयार होऊनच बाहेर आलं.

"त्यास्नी धाडं नही."

त्यांनी पाठवलं नाही. हे असं वाक्य आहे, की आमच्याकडे त्याला कुणी पुरावा मागत नाही. प्रत्येक आळीत कुणाच्या तरी सुनेला कुणीतरी अडवलेलं असतंच. मायने तांब्या खाली ठेवला. बा उठला. निंबाजवळ गेला, दोर सोडला, गुंडाळला आणि आत आणून ठेवला. मग म्हणाला, "मुराळी रिकामा धाडला त्यांनी. या घरातून परत मुराळी जाणार नाही."

त्या दिवशीचा आमरस कुणी संपवला नाही. त्याच्यावर माश्या बसत राहिल्या.

सुरत आणि गाव यांच्या मधला निरोप म्हणजे मीच होतो. गावाकडचं मी इकडे सांगायचो, इकडचं तिकडे. सुमी विचारायची, "माय मला बोलावत का नाही रे?" मी म्हणायचो, "बाला बरं नसतं." माय विचारायची, "त्या बाईचं डोकं ठिकाणावर आलं का?" मी म्हणायचो, "जाऊ दे ना माय." त्या "जाऊ दे"ने मावशी आणखी काळी व्हायची. सुमीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं होतं, ते इच्छापोरलाच झालं. मावशीने सव्वा महिना तिला उठू दिलं नाही. डिंकाचे लाडू केले, बाळाला रोज तेल लावलं, शेक दिला. गावात मात्र लोक म्हणाले, बघा, बाळंतपणालाही सोडलं नाही. नंतर लग्नाकार्यात मायलेकी चार लोकांत भेटायच्या, त्या आखाजीचं दोघीही मानापायी काढत नसत; सुमी सासूचं कौतुक करायची, आणि माय तिच्या डोक्यावरून हात फिरवत मला हळूच म्हणायची, "पोर दबलीय बघ. तोंडातून ब्र निघत नाही."

एका वर्षी आखाजीच्या सुमारास मी काही सामान द्यायला इच्छापोरला गेलो होतो. खोलीच्या आढ्याला मावशीने साडी बांधून झोका केला होता. सुमी, आता दोन लेकरांची आई, त्यावर बसली होती आणि मावशी मागून झोका देत होती. मला बघून मावशी ओशाळली. "माहेरी जमत नाही ना हिला," म्हणाली, "म्हटलं इथेच करू." माझ्या हातात सामानाची पिशवी होती. मी ती खाली ठेवली आणि पाणी न पिता निघालो.

बा गेला तेव्हा मावशी सुमीबरोबर गावी आली. बायकांनी तिला बसायला जागा दिली नाही. पाठ फिरवण्याची एक रीत असते, नुसतं अंग वळवायचं. तशा सगळ्या वळल्या. आमची एक चुलती मोठ्याने म्हणाली, "बाप मेल्यावर बरी पाठवली सून!" मावशीला ते कळलं नाही. ती पायरीवर बसली आणि गोंधळून माझ्याकडे पाहू लागली, की हे काय बोलतायत, तू तरी सांग. मी अंघोळीच्या पाण्याची बादली उचलली आणि परसात गेलो.  तिकडे स्मशानात बा त्या खोट्यासकट अजून जळत होता.

त्या फरशांच्या दुकानासमोर उभा असताना हे सगळं एका सिग्नलमध्ये आठवलं, असं मी म्हणणार नाही. ते रोजच आठवायचं. पण त्या दिवशी घाई होती, कारण सुमीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि माय येणार नव्हती. "नातीला माझ्या घरी आणून दाखव. मी त्या बाईच्या दारात पाय ठेवणार नाही," एवढंच तिचं म्हणणं. सुमी फोनवर रडली. "दादा, माझी सासू रोज विचारते, विहीणबाई येतील ना? तिने त्यांच्यासाठी लुगडं आणून ठेवलंय."

मी गावी गेलो आणि मायला सांगितलं, डोळे दाखवायला सुरतेला चल. ते शेवटचं खोटं. वाटेत कोंडाईबारी आली. आताच्या गाडीला तो घाट कळतही नाही. माय खिडकीला डोकं टेकून झोपली होती.

इच्छापोरला गाडी थांबली तेव्हा तिने डोळे उघडले. दाराला तोरण होतं, ओट्यावर मांडवाचे बांबू पडलेले. तिने ओळखलं.

"कुठे आणलंस मला?"

"माय, खाली उतर."

"त्या बाईच्या दारात? तुझा बाप मेला त्या दुःखात."

मावशी आतून आली. म्हातारी झालीय, एका हाताने भिंत धरत चालते. मागे सुमी, हाताला पीठ. मावशी गाडीच्या खिडकीशी वाकली. "विहीणबाई, उन्हात का बसलात? आत या ना." मायने तोंड फिरवलं. तीच रीत, गाडीतल्या एवढ्याशा जागेतही. मावशी तशीच वाकलेली राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. बाच्या वेळी पाहिलं होतं तसंच.

आजूबाजूला मांडववाले होते, शेजारच्या बायका होत्या. मी मायच्या बाजूचं दार उघडलं आणि तिथेच रस्त्यात मावशीच्या पायांशी बसलो.

"मावशी, पहिल्या आखाजीला सुतक नव्हतं. मी खोटा निरोप पाठवला. मी गाडी पळवून तिचं इंजिन जाळलं होतं, आणि एसटीने न्यायला येण्याची मला लाज वाटली. माय, यांनी सुमीला अडवलं नव्हतं. निरोप येईपर्यंत त्या तिला तयार करून दारात बसल्या होत्या. मुराळी इथे आलाच नाही. गावात यांचं नाव मी घेतलं. बाळंतपणाचं लोक बोलले तेव्हा गप्प बसलो, बा गेला तेव्हाही गप्प बसलो. सुमे, तुझं माहेर मी तोडलं. मावशी, या सगळ्यात तुमची काही चूक नव्हती. माझी होती. मला माफ करा."